पॉट आणि पाटा

वैशाखातील एखाद्या रविवारी, दुपारची वामकुक्षी आटोपून उन्हे कलती झाली म्हणजे, पुण्याच्या शनिवार पेठेतील आमच्या वाड्याच्या मागल्या चौकात पॉट मांडला जाई. पॉट म्हणजे लाकडी फळ्यांची, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली बादली. तिच्या पोटात कल्हईचा उभट डबा. डब्यात लाकडी पाती. आणि सर्वांच्या माथ्यावर दातेरी चाकांची आडवी पट्टी व तिला जोडलेला दांडा. तो आमच्या मालकीचा नसे. दिवसाच्या भाड्याने आणावयाचा आणि धुऊन-पुसून दुसऱ्या दिवशी सकाळी परत पोचता करावयाचा, असा शिरस्ता होता. बर्फ वखारीतून येई. तेथे गोणपाटाखाली, लाकडाच्या भुशात पुरून ठेवलेल्या लाद्या असत. वखारवाला हाताने भुसा बाजूला सारी, टोच्याने लादीवर रेघ धरी, आणि दोन-चार ठोक्यांत हवा तेवढा तुकडा नेमका त्या रेघेवर मोकळा करी. घरी आणल्यावर तो फोडावयाचा, बर्फाचा एक थर व जाड्या मिठाचा एक थर अशा बेताने बादली भरावयाची, आणि मग काकांनी दांडा हाती घ्यावयाचा. पहिली दहा मिनिटे दांडा हलका फिरे. पुढे तो जड होत जाई, आणि अखेरीस बादलीच जागची हलू लागली म्हणजे तिच्यावर गोणपाटाची घडी टाकून आम्हां मुलांतील सर्वांत वजनदार असेल त्यास वर बसवीत. खालून गोणपाटातून चढणारी ती खारी, ओली थंडी मला अजून आठवते. कारण बहुतेक वर्षी तो मान माझ्याकडे येई, आणि त्याचा मोबदला म्हणून डब्यातून काढलेल्या पात्यांना चिकटलेले आइसक्रीम चाटण्याचा पहिला हक्कही माझाच असे.

हे सर्व आज पुन्हा मनात येण्यास एक निमित्त घडले. माझी भाची मला एका मोठ्या व्यापारी संकुलातील अशा दुकानात घेऊन गेली, की जेथे आइसक्रीम पेल्यात वाढण्याआधी दगडावर घेतात. काचेपलीकडे काळ्या ग्रॅनाइटचा एक पाटा होता. आतून गोठविलेला असल्यामुळे त्याच्या कडांवर तुषार धरला होता. त्यावर एका तरुणाने व्हॅनिलाचा गोळा टाकला, दोन पोलादी उलथन्यांनी तो दाबून पसरला, मध्ये बदामाचे काप, चॉकलेटच्या बिस्किटांचा चुरा आणि ब्राउनीचे तुकडे घातले, आणि कणकेत मोहन मुरवावे तसे घडीवर घडी घालून ते सर्व एकजीव केले. माझी पाळी आली तेव्हा त्याने मोठ्या अदबीने विचारले, "काका, तुमच्यात काय काय घालू?" काचेखाली वीसेक वाडगी मांडलेली होती आणि त्यांतील कोणतेही मागण्याची मला पूर्ण मुभा होती, तरीही मला उत्तर सुचले नाही, आणि मी त्यालाच उलट विचारले, "सगळे लोक काय घेतात?"

घरी परतल्यावर तो प्रश्न मनात घोळत राहिला. आइसक्रीमचा इतिहास हा एका अर्थाने मिसळण्याचा इतिहास आहे: दुधात हवा मिसळावयाची, बर्फात मीठ मिसळावयाचे, गोठलेल्यात न गोठलेले मिसळावयाचे. परंतु काय मिसळावयाचे याची मुखत्यारी कोणाकडे असावी, याची उत्तरे निरनिराळ्या काळी आणि निरनिराळ्या गावी निरनिराळी दिली गेली. आणि पेठेतले जुने दुकान व दगडावर आइसक्रीम घोळविणारी आधुनिक साखळी यांमधील खरा भेद, माझ्या समजुतीप्रमाणे, चवीत अगर किमतीत नसून या मुखत्यारीत आहे.

प्रथम बर्फाची हकीकत. आपल्याकडे थंडावा ही फार दिवस सरकारवाड्याची चीज होती. अकबराच्या कारकीर्दीत शोऱ्याच्या द्रावणात भांडे फिरवून पाणी गार करीत आणि उत्तरेकडील पहाडांतून लाहोरास बर्फ आणवीत, याचे वर्णन 'आइने-अकबरी'त आले आहे. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांतही आबदारखाना होता, म्हणजे पाण्याची निगा हे राज्यकारभाराचे एक स्वतंत्र खाते होते. कुलफी ही त्या दरबारी परंपरेची वारस. झाकण घट्ट बसविलेल्या शंकूत आटीव दूध कोंडून ते मीठ-बर्फात ठेवावयाचे, अशी तिची रीत. आणि कुलफी व कुलूप हे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत असे जाणकार म्हणतात, ते या कोंडण्यामुळेच. कुलफी ढवळीत नाहीत. तीत हवा शिरत नाही, म्हणून ती दाट, जड आणि किंचित कणीदार लागते. तिला आइसक्रीमची गरीब बहीण समजणे अन्यायाचे होईल. तिची जात निराळी आहे.

सामान्य माणसाच्या ओठापर्यंत बर्फ आणण्याचे काम मात्र एका बोस्टनकराने केले. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८०६ साली मार्टिनिक बेटावर बर्फाचे पहिले जहाज पाठविले तेव्हा लोकांनी त्यास वेड्यात काढले. त्याने पुष्कळ नुकसान सोसले, कर्जापायी तुरुंगही पाहिला, परंतु हिवाळ्यात फुकट गोठणारे तळे उन्हाळ्यात सोन्याच्या भावाने विकता येईल हा आपला हिशेब सोडला नाही. बोस्टननजीक केंब्रिज येथील फ्रेश पाँड या तळ्यावर त्याच्या कामाचा मुख्य तळ होता. तेथे नॅथॅनिएल वायथ याने घोड्याने ओढावयाचा बर्फाचा नांगर बनविला, आणि त्यामुळे सारख्या मापाच्या चौकोनी लाद्या कापता येऊन त्या जहाजाच्या पोटात फटी न ठेवता रचता येऊ लागल्या. लाद्यांभोवती घालावयास मेन प्रांतातील लाकूडगिरण्यांचा भुसा मिळे, तोही जवळजवळ फुकट. १८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' हे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्यास लागले, तेव्हा दोनदा विषुववृत्त ओलांडूनही त्यांतील शंभर टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होते. कंपनी सरकारने त्यावरील जकात माफ केली, आणि रात्रीच्या गारव्यात माल उतरविण्याची परवानगी दिली. लवकरच मुंबई आणि मद्रास ही बंदरेही या व्यापारात आली. मुंबईस गोदीच्या बाजूला घुमटाचा बर्फखाना उभा राहिला. मद्रासचा बर्फखाना तेवढा आज टिकून आहे, आणि स्वामी विवेकानंद तेथे काही दिवस राहिल्यामुळे त्यास त्यांचे नाव मिळाले आहे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात ट्यूडरची माणसे वॉल्डन तळ्यावरही बर्फ कापावयास आली होती; तेथे एकांतात राहणाऱ्या थोरो या लेखकाने आपल्या ग्रंथात मद्रास, मुंबई आणि कलकत्ता ही नावे घातली आहेत, त्याचे कारण हेच.

आमच्या वखारीतला भुसा हा त्या भुशाचाच वंशज. यंत्राने बर्फ तयार होऊ लागल्यावर, १८८० च्या सुमारास, ट्यूडरचा व्यापार आपल्याकडे संपला, तळ्याची लादी जाऊन कारखान्याची लादी आली. परंतु लादी हे रूप, भुशाची दुलई, टोच्याची रेघ ही सर्व वहिवाट जशीच्या तशी पुढे चालली.

मुंबईत मेजवानीस आइसक्रीम वाढण्याचा पहिला मान शहराचे इतिहासकार जमशेटजी जिजीभाई यांना देतात. आणि ते खाऊन यजमान व पाहुणे पडशाने बेजार झाल्याचे वर्तमान त्या वेळच्या 'मुंबई समाचारा'ने छापले, असेही नमूद करतात. पुढे १८४३ साली फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईने दांडा फिरवावयाच्या पॉटाचा हक्कनामा घेतला. आमच्या चौकातला पॉट हा शंभर वर्षांनंतरही त्या बाईच्या नकाशाबाहेर फारसा गेलेला नव्हता. या यंत्राची मख्खी साधी, परंतु विलक्षण आहे. मीठ लागले की बर्फ शून्य अंशाखालीही वितळू लागते. वितळण्यास लागणारी उष्णता ते शेजारच्या डब्यातून, म्हणजे दुधातून, ओढून घेते. आणि दूध डब्याच्या अंगाशी गोठत असतानाच पाती ते खरवडून मध्ये लोटतात, त्यामुळे बर्फाचे खडे मोठे होऊ पावत नाहीत आणि थोडी हवाही आत कोंडली जाते. थोडी, हे महत्त्वाचे. कारखान्यातील यंत्र दुधाच्या आकारमानाइतकीच हवा त्यात भरू शकते. आणि आइसक्रीम लिटरवर विकले जात असल्याने ही हवा गिऱ्हाइकाच्या पदरी पैसे घेऊन घातली जाते. म्हणून आपल्या अन्नविषयक कायद्याने दुधाची स्निग्धता दहा टक्क्यांहून कमी नसावी असे ठरवितानाच एका लिटराचे वजन ५२५ ग्रॅमच्या खाली जाऊ नये असेही बंधन घातले आहे. मनुष्याच्या मनगटाला तेवढी हवा भरता येत नाही. पॉटाचे आइसक्रीम जिभेवर जड लागते ते यामुळे.

हा पॉट मुंबईत 'संचा' या नावाने दुकानात शिरला. भेंडी बाजारातील ताज आइसक्रीम आपली स्थापना १८८७ ची सांगते, आणि हाताने फिरविलेल्या संचाचे आइसक्रीम ही तिची ओळख अद्याप टिकून आहे. चर्चगेटला क्रिकेट क्लबासमोर १९५३ पासून के. रुस्तम यांचे दुकान दोन पातळ वेफरबिस्किटांमध्ये आइसक्रीमची चौकोनी लादी घालून हातात देते. नागपुरात दिनशॉ यांनी १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच हा धंदा आरंभिला. गावोगावी अशी घरे उभी राहिली; आणि त्यांच्या भरभराटीस केवळ चवच कारण होती असे म्हणता येत नाही, तर सरकारी धोरणही होते: १९९७ पर्यंत आइसक्रीमचे उत्पादन आपल्या देशात लघुउद्योगांसाठी राखीव होते, म्हणून मोठ्या भांडवलाला या क्षेत्रात मोकळेपणी उतरता येत नव्हते. त्या कुंपणाच्या आत प्रत्येक शहराने आपापली मिसळ घडविली.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पुण्याची मस्तानी घ्या. आटवून, घट्ट करून गार केलेले स्वादाचे दूध उंच पेल्यात, त्यावर त्याच स्वादाच्या आइसक्रीमचा गोळा, वर सुक्या मेव्याचे काप. एवढीच तिची घटना. तिचा संबंध बाजीरावांच्या मस्तानीशी जोडण्याचा मोह पुष्कळांना होतो, परंतु बाजीरावांचा अंत १७४० सालचा, आणि हिंदुस्थानात तळ्याच्या बर्फाचे पहिले जहाज त्यानंतर ९३ वर्षांनी आले; तेव्हा हे नाव इतिहासाचे नसून कौतुकाचे आहे, आणि कौतुक म्हणून ते सुंदर आहे. तुळशीबागेजवळचे कावरे, गणू शिंदे, निंबाळकर तालमीजवळचे सुजाता अशी तिची ठिकाणे पुण्यात आहेत, आणि कोणाची मस्तानी अस्सल हा वाद जुन्या पुणेकराने अंगी बाळगलेला असतो. कोल्हापुरात हीच वृत्ती 'कॉकटेल' या नावाने प्रकट झाली: आइसक्रीम, फळांच्या फोडी, जेली, सुका मेवा, सर्व एका पेल्यात, गावचे पाहुणे रंकाळ्यावर फिरून आले की त्यांना ते खिलवल्यावाचून परत पाठवीत नाहीत. दक्षिणेस किनाऱ्याकिनाऱ्याने गेले म्हणजे उडुपी-मंगळुरास 'गडबड' लागते. तिच्यात तीन स्वादांचे थर, मध्ये फळे आणि काजू, आणि नावामागची कथा अशी की घाईगर्दीत जे हाताशी होते ते पेल्यात भरून गिऱ्हाईक वाटेला लावले त्यातून ती जन्मली. तिचे जनकत्व उडुपीच्या डायना हॉटेलास देतात. मुंबईचा फालुदा तर इराणातूनच चालत आला: गुलाबाचे सरबत, सब्जा, शेवया, दूध, आणि शेवटी माथ्यावर आइसक्रीम, जे मूळच्या इराणी पदार्थात नव्हतेच.

या चारही पदार्थांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकात कोणा एका दुकानदाराने केव्हा तरी एक निर्णय केला; तो निर्णय गावाने खाऊन पाहिला, काही बदलून घेतला, आणि मग त्यास नाव दिले. नाव मिळाल्यावर तो निर्णय दुकानदाराचाही राहिला नाही. आज कोणी मस्तानीत नवे काही घालू लागला तर गिऱ्हाईक हटकते. म्हणजे मिसळीची मुखत्यारी येथे दुकान आणि गाव यांच्या सामायिक मालकीची आहे, आणि तिचा दस्तऐवज कोठेही लिहिलेला नाही.

आता पुन्हा बोस्टनकडे गेले पाहिजे. ज्या फ्रेश पाँड तळ्यातून ट्यूडरचे बर्फ निघे, त्यापासून दोन मैलांच्या आत सॉमरव्हिल या उपनगरात डेव्हिस स्क्वेअर हा चौक आहे. तेथे १९७३ साली स्टीव्ह हेरेल नावाच्या गृहस्थाने, ज्याने आधी शाळेत इंग्रजी शिकविले होते आणि टॅक्सीही चालविली होती, आइसक्रीमचे एक दुकान घातले. हेरेलने मीठ-बर्फाचा जुन्या धर्तीचा पॉट, विजेच्या मोटारीस जोडून, दुकानाच्या दर्शनी खिडकीत बसविला. आइसक्रीम डोळ्यांदेखत होई; त्यात हवा कमी राहील अशी खबरदारी तो घेई; आणि गिऱ्हाईक मागेल ती चॉकलेटची वडी अगर बिस्किटे फोडून गोळ्यात दाबून कालवून देई. हीथ बार नावाची टॉफीची वडी त्याची आवडती होती. या कालवण्यास त्याने 'मिक्स-इन' असे नाव दिले. दारात रांगा लागू लागल्या. आधी गार पदार्थावर काही शिंपडून देण्याची पद्धत होती, ते आइसक्रीमच्या अंगातच मुरविण्याची पद्धत हेरेलने रूढ केली. आणि व्हरमाँटमध्ये १९७८ साली दुरुस्त केलेल्या पेट्रोलपंपात दुकान थाटणाऱ्या बेन आणि जेरी या जोडीलाही स्टीव्हच्या दुकानाने वाट दाखविली.

हेरेलची पुढची हकीकत मला चटका लावते. १९७७ साली त्याने दुकान विकले. खरेदीखतात दुकान गेले, 'स्टीव्ह' हे नाव गेले, आणि 'मिक्स-इन' हा शब्दही गेला. तीन वर्षांनी नॉर्थॅम्प्टन या गावी त्याने पुन्हा धंदा मांडला तेव्हा त्यास पाटीवर आपले आडनाव लावावे लागले, आणि आपल्याच कृतीस नवा शब्द शोधून ती 'स्मूश-इन' म्हणून विकावी लागली. एका माणसाच्या हाताची सवय अशी शब्दासकट हस्तांतरित होऊ शकते, हे आमच्या पेठेतल्या दुकानदाराच्या कल्पनेतही येणारे नव्हते. मस्तानी हा शब्द कोणी कोणास विकत दिलेला नाही.

ती सवय पुढे कोठे गेली पाहा. १९८३ साली टेक्सासमधील ह्यूस्टन येथे मार्बल स्लॅब या दुकानाने गोठविलेल्या संगमरवरी पाट्यावर कालवण्याची रीत सुरू केली. १९८८ साली ॲरिझोनातील टेंपी येथे डोनाल्ड आणि सुसान सदरलँड या दांपत्याने कोल्ड स्टोन काढले, आणि पाटा ग्रॅनाइटचा केला. पाटा गोठविण्यात शास्त्र आहे. आइसक्रीम कालवावयाचे म्हणजे ते क्षणभर सैल करावे लागते. कोमट फळीवर ते वितळते, आणि वितळलेले पुन्हा गोठले की त्याचे खडे होऊन दाताखाली येतात. गोठलेला दगड त्यास सैल होऊ देतो, वितळू देत नाही. १९९५ साली टूसॉन येथे कोल्ड स्टोनने पहिला मक्ता दिला. आणि मक्तेदारांकरवी पुढील दशकभरात दुकानांची संख्या हजारावर गेली. आपल्याकडेही हैदराबादेतील 'क्रीम स्टोन'ने हाच दगडी पाटा लोकप्रिय केला आहे.

साखळ्यांनी गावच्या दुकानाकडून घेतले याचे याहून स्पष्ट उदाहरण सेंट लुईस शहरात सापडते. तेथे टेड ड्रूस यांचे गोठविलेल्या कस्टर्डचे दुकान आहे. १९५९ पासून ते कस्टर्ड इतके घट्ट कालवून देत, की पेला उलटा धरला तरी सांडत नसे, आणि म्हणून त्यास 'काँक्रीट' म्हणत. त्याच शहरातील, डेअरी क्वीन या साखळीच्या एका मक्तेदाराने तो घट्टपणा आपल्या कंपनीपुढे मांडला; १९८५ साली 'ब्लिझर्ड' या नावाने तो बाजारात आला आणि पहिल्याच वर्षी १७ कोटींहून अधिक पेले खपले. पेला उलटा करून दाखविण्याची रीतही त्याबरोबर गेली. टेड ड्रूस मात्र सेंट लुईसमध्येच राहिले. तसेच ऑस्टिनमधील एमीज. या दुकानाची संस्थापिका आधी स्टीव्हच्या दुकानांतून काम शिकली, १९८४ साली तिने टेक्सासमध्ये स्वतःचे दुकान काढले, कालवण्याची कला तीच ठेवली, आणि टेक्सासबाहेर पाऊल न टाकता ते वाढविले. तेव्हा कालविणे म्हणजेच साखळी असा समज करून घेणे चूक होईल. कालविणे हे हाताचे कौशल्य आहे आणि ते गावच्या दुकानातच जन्मले.

साखळीत शिरताना त्यात काय बदलले, हा खरा प्रश्न. माझ्या मते दोन गोष्टी बदलल्या.

एक, मूळ आइसक्रीम गौण झाले. हजार दुकानांत सारखेच लागावे म्हणून दुधाचे मूळ मिश्रण एका नमुन्याचे पुरवावे लागते. आणि त्यात वीस वस्तूंपैकी कोणतीही खपली पाहिजे, म्हणून त्यास स्वतःचा असा ठाम स्वाद ठेवता येत नाही. ते गोड, स्निग्ध आणि सौम्य असावे लागते, जसा चित्राखालचा कॅनव्हास. मुल्कीच्या फळविक्रेत्याचा मुलगा रघुनंदन कामत याने १९८४ साली, १४ फेब्रुवारीस, जुहूला 'नॅचरल्स' काढले तेव्हा नेमकी उलट वाट धरली. त्याने सीताफळ, आंबा, पुढे शहाळे ही फळेच आइसक्रीम केली. वर काही घालावयास जागाच ठेवली नाही. आज तीही एक मोठी साखळी आहे, अनेक शहरांत तिच्या पाट्या दिसतात. परंतु सीताफळाचा गर काढावयास बी सोडवावे लागते, ते काम कोणा तरी मनुष्याच्या बोटांनीच होते, आणि ते गिऱ्हाइकाच्या नजरेआड स्वयंपाकघरात आधीच उरकलेले असते. मुखत्यारी तेथे स्वयंपाकघराची आहे.

दुसरी गोष्ट वाडग्यांतील जिन्नसांची. मस्तानीवरचा मेवा, गडबडीतली फळे, फालुद्यातला सब्जा ही बाजारातून, मोसमाप्रमाणे येणारी चीज आहे. आंबा संपला की आंब्याची मस्तानी संपते, आणि दुकानाच्या पाटीवर त्या त्या महिन्याची नोंद आपोआप होत जाते. पाट्यावर कालविल्या जाणाऱ्या बहुतेक वस्तू मात्र दुसऱ्या कोणत्या तरी कारखान्यातून डबाबंद आलेल्या असतात. त्यांना मोसम नाही. हेरेलच्या हीथ बारलाही मोसम नव्हता, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याचा पॉट खिडकीत होता, आणि तो काय निवडतो हे त्याचे गिऱ्हाईक रोज पाहत होते.

गिऱ्हाइकाला निवडीचे स्वातंत्र्य मिळाले, ही गोष्ट मी हलकी लेखीत नाही. माझी भाची जे मागते ते तिला तिच्या वयात मागता येणे चांगलेच. आमच्या काकांना पॉटात काय घालावयाचे हे आजी सांगे आणि कोणी त्यावर शब्द काढीत नसे. परंतु एक पाहण्यासारखे आहे: या साखळ्यांनीही पुढे आपापल्या ठरलेल्या मिसळी करून त्यांना नावे देऊन फलकावर लावल्या, आणि गिऱ्हाइकांची मोठी संख्या वाडग्यांकडे न पाहता त्या नावांपैकीच एक उच्चारते. दुकानात उभा राहून "सगळे लोक काय घेतात?" असे विचारणारा मी एकटा नव्हतो. फरक इतकाच, की त्या फलकावरील नावे कोणत्याही एका गावात रुळलेली नाहीत. ती प्रत्येक शहरात एकाच दिवशी लागतात आणि एकाच दिवशी उतरतात.

भाचीला परतताना मी सदाशिव पेठेत नेले. रात्रीचे साडेदहा वाजले होते, बाकांवर जागा नव्हती, पदपथावर उभ्यानेच माणसे खात होती. आम्ही दोन आंबा मस्तानी घेतल्या. तिने लांब दांड्याचा चमचा हाती येताच पेला ढवळावयास घेतला, तेव्हा मी तिला थांबविले, कारण आमच्या घरी मस्तानी ढवळीत नसत. आधी वरचा गोळा कडेकडेने खावयाचा. त्याच्या तळाशी दुधाचा जो भाग गोठून जाळीदार होतो तो चमच्याने वेगळा काढावयाचा. मग उरलेला गोळा दुधात बुडून विरघळेपर्यंत बोलत उभे राहावयाचे, आणि शेवटी पेला तोंडास लावावयाचा. तिने तसे केले. गोळा विरघळण्यास किती वेळ लागतो असे तिने विचारले, आणि मी सांगितले, की वैशाखात सहा-सात मिनिटे. तेवढ्या वेळात मी तिला पॉटाची आणि गोणपाटावर बसण्याची गोष्ट सांगितली. बर्फाच्या भुशापर्यंत आलो तोवर तिचा पेला रिकामा झाला होता.